फॉल्टची वही

तर मंडळी, यंदा २६ जानेवारी सोमवारी आल्यामुळे आमच्यासारख्या आयटी हमालांना तीन दिवसांची सलग सुट्टी मिळाली. मित्रांचं कोकणात जायचं ठरत होतं. माझंही जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात बुधवारी रात्री मिरजेहून बाबांचा फोन.

"अरे, कॉम्प्युटर उठत नाहीये."

बाबा सहसा फोनवर तक्रार करत नाहीत. गुडघा दुखतोय हे सुद्धा आम्हाला आईकडून कळतं. त्यामुळे स्वतः फोन करून कॉम्प्युटर उठत नाही म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर असणार. तरी मी सवयीप्रमाणे म्हटलं, "बाबा, पंधरा वर्षांचा झालाय तो. सोडून द्या आता, नवीन लॅपटॉप घेऊ." पलीकडून काहीच आवाज नाही. मग हळूच, "त्यात आजीचे आवाज आहेत ना."

कोकण कॅन्सल. शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली.

आधी या पेशंटची ओळख करून देतो. २०१० साली मी आठवीत असताना बाबांनी सांगलीतून असेंबल करून आणलेला डेस्कटॉप. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज सेव्हन. त्या काळात आमच्या गल्लीतलं सगळ्यात फास्ट मशीन! माझा इंजिनिअरिंगचा पहिला सी प्रोग्रॅम याच्यावरच चालला (म्हणजे दहाव्या प्रयत्नात चालला :)). मी पुण्याला आलो, लॅपटॉप आला आणि हा बाबांकडे राहिला.

बाबा वीज मंडळात सबस्टेशनवर ऑपरेटर होते. २०२२ ला रिटायर झाले आणि त्यांनी एक काम हाती घेतलं. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. १९९४ साली बाबांनी तिच्यासमोर टू-इन-वन ठेवून अकरा कॅसेट भरल्या होत्या. आजी २००३ मध्ये गेली, तेव्हा मी सहा वर्षांचा. मला तिच्या हाताला येणारा तपकिरीचा वास आठवतो, आवाज मात्र आठवत नाही. त्या कॅसेट बाबांनी टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडून एकेक करून आत घेतल्या. या जुन्या डब्याच्या मागे निळ्या रंगाचं लाइन-इनचं भोक आहे, हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपला ते नसतंच. अकरा कॅसेट, दोन्ही बाजू मिळून बावीस फायली. अर्ध्या तासाची एक वेव्ह फाइल ३०० एमबीच्या वर जाते, म्हणजे सगळं मिळून साधारण ७ जीबी. मग ऑडॅसिटीमध्ये बसून टेपची खरखर कमी करायची, हे त्यांचं दुपारचं काम.

शनिवारी सकाळी आईच्या हातचे पोहे खाऊन मी बाह्या सरसावल्या. बॅगेत नवी कोरी एसएसडी, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि लिनक्सचा बूटेबल पेनड्राईव्ह. प्लॅन एकदम सोपा. जुन्या डिस्कवरचा डेटा काढायचा, एसएसडी टाकायची, दुपारी जेवून झोपायचं.

बटण दाबलं. पंखा फिरला, एक बीप आला, आणि काळ्या पडद्यावर मेसेज: सीमॉस चेकसम एरर, एफ वन दाबा. तारीख बघितली तर १ जानेवारी २००९. म्हणजे आमचा डबा माझ्या सातवीत जाऊन बसला होता.

हा त्यातल्या त्यात सोपा आजार. मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. मशीन बंद असताना घड्याळ आणि बायोसची सेटिंग्ज त्याच्यावर जिवंत राहतात. बाबांनी त्यांचा मल्टिमीटर आणला (तो घरात देवघराइतकाच पवित्र आहे). तीन व्होल्टचा सेल २.१ दाखवत होता. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून नवीन आणला, चाळीस रुपये. तारीख नीट लागली. "ही वेबसाइट सुरक्षित नाही" म्हणून ब्राउझर महिनाभर बोंबलत होता, त्याचं कारणही हेच. सर्टिफिकेट २०२५-२६ चं आणि मशीनच्या मते साल २००९, मग ते विश्वास ठेवणार कसं?

मी विजयी मुद्रेने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "हं. पण याने बंद पडत नव्हता तो."

पुन्हा चालू केलं. आता पुढचा मेसेज: डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क. इथे माझ्या पोटात गोळा आला. बंद करून वायर काढली, कॅबिनेट आडवं केलं, पॅनल उघडलं. आत पंधरा वर्षांची धूळ, आणि प्रोसेसरच्या पंख्यात तर गोधडी तयार झाली होती. बाबा वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, "यातली सी कुठली आणि डी कुठली?"

मी एकदम गप्प.

कारण आठवीत असताना मीच त्यांना मोठ्या रुबाबात शिकवलं होतं, "बाबा, महत्त्वाचं सगळं डी ड्राईव्हवर ठेवायचं. सी उडाला तरी डी सेफ असतो." आपल्या पिढीतल्या प्रत्येकाने हे कुणाला ना कुणाला सांगितलं असेल. विंडोज फॉरमॅट मारताना ते खरंही होतं. पण डिस्कच गेली तर सी काय आणि डी काय? बाबांनी माझं ऐकून आजीच्या फायली सी वर ठेवल्या होत्या आणि 'बॅकअप' डी वर. तीन वर्षं ते निर्धास्त होते.

"एकच आहे, बाबा. एकाच डिस्कचे दोन भाग."

ते क्षणभर त्या चौकोनी डब्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ट्रान्सफॉर्मर एकच, फीडर दोन."

इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची सहा वर्षं धरून मला हे इतक्या कमी शब्दांत कधी सांगता आलं नसतं.

असो. डिस्क बूट फेल्युअर म्हणजे डिस्क मेलीच असं नाही. मदरबोर्डला डिस्क दिसत नाहीये किंवा तिच्यावर बूट होण्यासारखं काही सापडत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. डिस्कची लाल साटा केबल हाताला अगदी सैल लागली. ती बदलली, मदरबोर्डवर दुसऱ्या पोर्टमध्ये लावली, आणि बायोसमध्ये डिस्कचं नाव झळकलं. आमच्या घरात एवढा आनंद माझा कॅम्पस झाला तेव्हासुद्धा झाला नव्हता.

आता कुणीही शहाणा माणूस विंडोज चालू करून बघेल. मी नाही केली. जुनी डिस्क संशयित असेल तर तिच्यावर विंडोज चालू करणं म्हणजे ताप असलेल्या माणसाला पळायला लावणं. ती आपली आपण चेकडिस्क सुरू करते, काहीबाही लिहीत बसते, आणि जे वाचण्यासारखं होतं तेही जातं. म्हणून आधी डेटा बाहेर, मग दुरुस्ती. पेनड्राईव्हवरून लिनक्स चालू केलं, जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली आणि बावीस फायली एक्स्टर्नलवर कॉपी करायला टाकल्या.

कॉपी झाली. आता ऑफिसातली एक सवय कामी आली. मूळ फाइल आणि कॉपी, दोन्हींचा चेकसम काढून ताडून बघायचा. चेकसम म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. आतलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. पहिल्या तीन फायली जुळल्या. चौथी जुळेना. म्हटलं कॉपीत गडबड झाली असेल. मूळ फाइलचाच चेकसम परत काढला, तर तिसरंच उत्तर! त्याच डिस्कवरची तीच फाइल, कुणी हात लावलेला नाही, आणि दोनदा वाचली तर दोन वेगवेगळे ठसे. मी स्क्रीनकडे बघतोय तोवर लिनक्ससुद्धा गोठलं. माउस हलेना, काही नाही.

एक गोष्ट मात्र पक्की झाली. विंडोज बिचारी निर्दोष होती. वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या पेनड्राईव्हवरून चालवली आणि तीही पडते, म्हणजे आजार हार्डवेअरमध्ये आहे. पण कुठे? डिस्क, रॅम, एसएमपीएस, मदरबोर्ड? मी घाम पुसत एसएमपीएस बदलायच्या गोष्टी करायला लागलो. केबल पण अजून एकदा बदलू, पंखाही साफ करू, रॅमही काढून पुसू...

"एका वेळी एकच," बाबा म्हणाले. "चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुरू झालं ते कळणार कसं? आणि ट्रिप का झालं ते कळल्याशिवाय परत चार्ज करायचं नसतं."

मग ते आत गेले आणि एक वही घेऊन आले. शाळेची दोनशे पानी वही, वर बॉलपेनने लिहिलेलं: कॉम्प्युटर.

पस्तीस वर्षं दर तासाला मीटरचं रीडिंग लिहिलेला माणूस. त्याने कॉम्प्युटरचीही लॉगशीट ठेवली होती! तारीख, वेळ, घरातलं व्होल्टेज, काय करत होतो, काय झालं. 'दु. ३.१०. २२८ व्होल्ट. आवाज साफ करताना निळा पडदा.' 'सं. ५.४०. २३१. फाइल सेव्ह करताना आपोआप रीस्टार्ट.' 'स. १०.००. २२९. पत्ते खेळलो. काही नाही.' ऑफिसात याच्या निम्मी माहिती देणारा बग रिपोर्ट आला तर आम्ही त्या टेस्टरला पार्टी देऊ.

व्होल्टेज सगळीकडे ठीक. म्हणजे घरातली लाइट दोषी नाही. पत्ते खेळताना, टायपिंग करताना काही होत नाही, मोठ्या आवाजाच्या फायली उघडल्या की पडतो. मी पानं मागे मागे उलटत गेलो. जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर. पहिली नोंद: २५/१०/२०२५.

त्याच्या आधी काहीच नाही. २०२२ पासूनची वही, साडेतीन वर्षांत वीज गेल्याच्या सात-आठ नोंदी. आणि २५ ऑक्टोबरपासून अठ्ठावीस वेळा क्रॅश.

२३ ऑक्टोबर २०२५ ला भाऊबीज होती. त्या संध्याकाळी ताईने ओवाळलं, आणि त्यानंतर मी पुण्याहून आणलेली २ जीबीची एक सेकंडहँड रॅम या मशीनमध्ये बसवली होती. "बाबा, बघा आता कसा पळतो!" सहाशे रुपयांची होती. मशीन चालू झालं, ४ जीबी दिसलं, मी खूश. टेस्ट? कसली टेस्ट! ऑफिसात दोन ओळींचा बदल टेस्ट केल्याशिवाय पुढे जाऊ न देणारा मी, दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून निघून गेलो.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"तारखा तर सांगतातच ना." ते चष्मा पुसत म्हणाले. "पण म्हटलं, तू इंजिनिअर आहेस. तू बसवलंस म्हणजे नीटच असेल. माझंच काहीतरी चुकत असेल."

काय बोलणार यावर? मी मान खाली घालून मेमटेस्टचा पेनड्राईव्ह बनवायला घेतला. मेमटेस्ट नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम कुठल्याही विंडोज-लिनक्सशिवाय चालतो. रॅमच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहितो, परत वाचतो, आणि जुळलं नाही की लाल ओळ दाखवतो. पंधरा मिनिटांत स्क्रीन लालेलाल. एकही एरर चालत नाही तिथे शेकड्याने. मग बाबांच्या नियमाप्रमाणे एकेक. नवी पट्टी काढून फक्त जुनी ठेवली: स्वच्छ. नवी एकटी, जुनीच्याच स्लॉटमध्ये: परत लाल. म्हणजे स्लॉट चांगला, पट्टी खराब. जुन्या पट्टीचे सोनेरी पाय खोडरबराने हलकेच पुसून ती परत बसवली आणि मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवला. सकाळी उठलो तेव्हा बाबा आधीच खुर्ची टाकून समोर बसले होते. चहाचा कप हातात, एरर शून्य.

आता कोडं उलगडलं. खराब कप्पे रॅमच्या एका भागात होते. पत्ते खेळताना मेमरी तिथपर्यंत भरतच नव्हती. ३०० एमबीच्या फायली उघडल्या की भरत जायची, तिथे पोचायची आणि कोसळायची. चेकसम बदलत होता तोही त्यामुळेच. डिस्क बरोबर वाचत होती, पण वाचलेलं ठेवायची जागाच खोटं बोलत होती. सेल, केबल आणि रॅम असे तीन वेगवेगळे आजार होते, आणि मी त्यांना एकच 'म्हातारपण' नाव देऊन मोकळा झालो होतो.

रविवारी परत कॉपी केली. यावेळी बावीसच्या बावीस ठसे जुळले. डिस्कची स्मार्ट माहिती तपासली, म्हातारी आहे पण धडधाकट आहे.

पण ठसा जुळला म्हणजे मूळ फाइल चांगली असं नाही. खराब रॅम जे वाचताना बिघडवते, तेच लिहितानाही बिघडवते, आणि ते थेट डिस्कवर जातं. दिवाळीनंतर बाबांनी चार फायली साफ करून त्याच नावाने सेव्ह केल्या होत्या, डी वरची कॉपीही लगेच बदलली होती. आम्ही दोघं हेडफोनची एकेक बाजू कानाला लावून बसलो. दोन फायली ठीक. एकीत मधेमधे टक्-टक् आवाज. आणि चौथी, सात नंबरची बी बाजू, उघडलीच नाही. सेव्ह करताना मशीन पडलं होतं. वहीत नोंद होती, वेळेसकट.

"सातमध्ये काय होतं?" मी विचारलं.

"ओव्या कमीच. आई मधेच थांबून मला झापते. पीठ सांडतंय, ते यंत्र बंद कर आणि हात लाव म्हणून." बाबा हसले. "मी काही बंद केलं नाही."

मी काय बोलावं ते सुचेना. सॉरी म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. आईने मात्र स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, कॅसेट आहेत की माळ्यावर. बिस्किटाच्या डब्यात, डांबरगोळ्या घालून ठेवल्यात. मी टाकते होय काही?"

माळ्यावर चढलो. अकराच्या अकरा कॅसेट. सातवीची टेप कोरडी, बुरशी नाही. टू-इन-वनही होता, पण त्याच्या आतला रबरी बेल्ट वितळून गुळाच्या पाकासारखा झालाय. सांगलीत एक जण अजून बेल्ट बसवून देतो म्हणे, पुढच्या शनिवारी त्याच्याकडे जायचंय. हो, पुढच्याही शनिवारी मी मिरजेलाच आहे. कोकण कुठे पळून जात नाही.

बाकी, जुना डबा २ जीबीवरच ठेवलाय, एसएसडी परत बॅगेत. विंडोज सेव्हनचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, म्हणून नेटची वायर काढून टाकली. त्याने आता फक्त आवाजाचं काम करायचं. फायलींच्या तीन कॉप्या आहेत. एक त्याच्यात, एक एक्स्टर्नलवर मिरजेच्या कपाटात आणि एक माझ्याकडे पुण्यात. बाबांच्या भाषेत, तीन वेगळे ट्रान्सफॉर्मर.

तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल, तर 'नवीन घ्या' म्हणायच्या आधी दोन प्रश्न विचारा. शेवटचा बदल काय झाला होता? आणि तो कुणी केला होता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमचंच नाव असू शकतं.

सोमवारी रात्री निघताना बाबा वहीत नोंद करत होते. 'दोष: रॅम. काढून टाकली. टेस्ट ओके.' कारण लिहायचा रकाना त्यांनी कोराच सोडला होता. मी पेन मागून घेतलं आणि त्यात लिहिलं: '२३/१०/२०२५ ला मी बसवलेली. टेस्ट न करता.'

बाबांनी वाचलं, आणि खाली सही करायला सांगितली.